हात खाली होईपर्यंत

कुणाबद्दल काही लिहायचं म्हणजे त्या माणसाबद्दल आपल्याला काहीतरी कळलेलं असावं लागतं, आणि माझी पंचाईत तिथंच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर सहीसुद्धा केलेली नाही. वडील अंगठा उठवतात, आणि उठवल्यावर तो धोतराला पुसताना त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या वस्तूला हात लावल्यासारखा होतो. हे लिहिताना माझंही तसंच झालं आहे. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते हे वाचून काय म्हणाले असते, ते मला ठाऊक आहे असं आधी लिहिलं होतं. मग वाटलं, ठाऊक आहे म्हणणंही धाडसाचंच. ते खोडलं. तेव्हा वाचणाऱ्यांनी सुरुवातीलाच माफ करावं, म्हणजे पुढचं लिहायला मला बरं पडेल.

आमची वाडी औंढ्याच्या वरच्या अंगाला. लोणावळा तसं लांब नाही, पण ओढ्याला पाणी आलं की वाडी तुटते, आणि सकाळच्या शटलनं पुण्याला कॉलेजात जाणाऱ्याला पाणी उतरण्याची वाट बघत बसता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षाला असताना मी लोणावळ्यात बाजारामागच्या आळीत एक खोली घेतली. खोलीचे मालक म्हणजे आबा. त्यांना नाव होतंच, पण ते कुणी घेत नसे. रेल्वेतून रिटायर होऊन चारेक वर्षांपूर्वी ते कर्जतकडून इथं राहायला आले होते. घरात मावशी, म्हणजे त्यांची बायको, आणि मुलगी शकू.

मी डोक्यावर ट्रंक आणि काखेत वळकटी घेऊन त्यांच्या फाटकाशी पोचलो, तर ओट्यावर बसलेल्या एका बुटक्या, गोल माणसानं तळहात वर केला. पोलीस चौकात करतो तसा. मी थांबलो. त्यांनी बशीत चहा ओतला. प्याले. पुन्हा ओतला. हात तसाच. एका हातानं चहा पिताना त्यांचा तोल जराही जात नव्हता. ट्रंक माझ्या डोक्यात रुतत होती, पण मला वाटलं शहराची रीत असेल. शेवटी हात खाली आला आणि ते म्हणाले, "हं, या." जणू मी आत्ताच आलो होतो.

हे सगळ्यांना होतं. पोस्टमन थांबायचा, भाजीवाली थांबायची, मावशींची सख्खी बहीण थांबायची. किती वेळ, याला काही धरबंध नव्हता. दूधवाल्याच्या म्हशीला तर इतकी सवय झाली होती की आबा बाहेरगावी असले तरी ती फाटकाशी येऊन उभी राही आणि हलत नसे. मग दूधवाला स्वतः ओट्यावर चढून, तळहात वर करून, खाली करून दाखवायचा. तेव्हा म्हैस पुढं जायची. फक्त घरातली मांजर सरळ आत शिरत असे. तिच्याकडं आबा आदरानं बघत.

यावरून आळीत आबांबद्दल ज्याची त्याची खात्री झालेली होती. कोपऱ्यावरचा वाणी म्हणायचा, म्हातारा जात हुंगतो. समोरचे मास्तर म्हणायचे, हा सरळसरळ माज आहे. दूधवाला म्हणायचा, त्यांना लांबचं दिसत नाही, आलेला माणूस कोण हे ओळखायला वेळ लागतो. तिघंही आपापल्या जागी इतके ठाम होते की आबांना जाऊन विचारावं असं कुणालाच वाटलं नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या बोलण्याची. कुठल्याही माणसाबद्दल आबांना विचारलं, अमका कसा आहे हो, तर ते थोडा विचार करून म्हणत, "आजून ठरलं न्हाई." यात टाळाटाळ नव्हती. ते खरंच विचार करत. कपाळावरच्या आठ्या दिसत. वाण्याबद्दल आजून ठरलं न्हाई. मास्तरांबद्दल आजून ठरलं न्हाई. म्युन्सिपालटीच्या निवडणुकीत एक वखारवाले निवडून आले आणि पेढे घेऊन दारोदार फिरले. फाटकाशी थांबून, हात खाली झाल्यावर आत येऊन त्यांनी हसत विचारलं, "आबा, खरं सांगा, मत आम्हालाच ना?" आबा म्हणाले, "आजून ठरलं न्हाई." वखारवाले म्हणाले, अहो मतदान होऊन गेलं. आबा म्हणाले, "व्हय, त्यांनी जरा घाई केली." आणि पेढा खाऊन लगेच म्हणाले की खवा जळलाय.

खाण्याच्या बाबतीत त्यांचं असं होतं. माणसाबद्दल त्यांचं वर्षानुवर्षं ठरत नसे, आमटीबद्दल एका भुरक्यात ठरे. मावशी यावर फार चिडत. एकदा त्या मला म्हणाल्या, "बाळा, तीस वर्सं झाली लगीन होऊन. मी इचारलं, मी कशी हाय ओ? तर म्हनत्यात, तुजं आजून चाललंय." मी त्यांची समजूत काढावी म्हणून म्हणालो की चाललंय म्हणजे चांगलंच चाललं असणार. त्या म्हणाल्या, "तू गप अब्यास कर."

आता माझ्या अभ्यासाबद्दल सांगणं भाग आहे. पहिल्या वर्षाला आम्हाला तर्कशास्त्र होतं. खुणा गोळा करायच्या आणि त्यांवरून अनुमान काढायचं, हे मला इतकं आवडलं होतं की शटलमध्ये समोर बसलेल्या माणसांवर मी सराव करत असे. आबांच्या घरात खुणांना तोटा नव्हता. खुंटीला रेल्वेचा काळा कोट. कोनाड्यात हात-कंदील. चुलीपाशी दोरीवर एक लाल आणि एक हिरवी झेंडी. आणि एका रविवारी आम्ही दोघं खंडाळ्याकडं करवंदं आणायला गेलो असताना त्यांनी मला घाटातल्या कॅच सायडिंगची गोष्ट सांगितली. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक लागले नाहीत तर तिला अडवायला बाजूला एक चढाचा रूळ टाकलेला असतो. रूळ बदलायचा सांधा कायम त्या बाजूच्या रुळाकडंच लावलेला. गाडी आली, तिनं थांबून दाखवलं, शिटी मारली, की मगच पॉइंट्समन सांधा फिरवून तिला खरा रस्ता देतो.

"उतरनीला लागलेल्या गाडीला कुनी चांगली म्हनत न्हाई, कालेज," आबा म्हणाले. ते मला कालेज म्हणत. "वाईट पन म्हनत न्हाईत. थांबून दाखव म्हनत्यात."

मला करवंदं दिसेनाशी झाली. सगळं एकाला एक जुळलं. फाटक म्हणजे सांधा, तळहात म्हणजे सिग्नल, आणि "आजून ठरलं न्हाई" म्हणजे थांबून दाखव. जन्मभर घाटात पॉइंट्समन राहिलेल्या माणसाला प्रत्येक येणारा आधी उतरणीची गाडी वाटणारच. एका जिवंत माणसाला मी आतून बाहेरून समजून घेतलं होतं, आणि तेही न हिणवता, न हसता. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वाण्याकडं साखर आणायला गेलो आणि त्याला सांगून टाकलं. नंतर मास्तरांना. दूधवाल्याला मास्तरांनी सांगितलं.

आळी एका आठवड्यात बदलली. जो तो फाटकाशी स्वतःहून थांबू लागला, आदरानं. मास्तर तर हात जोडून थांबत. वाणी हौशी माणूस. एकदा उधारीचं विचारायला आला तेव्हा फाटकाशी उभं राहून त्यानं तोंडानं इंजिनाची लांब शिटी मारली. आबांनी दचकून हात खाली केला आणि आत येऊन मावशींना विचारलं, "ह्याला काय झालं गं?" मावशी म्हणाल्या, उन्हाळा वाढलाय.

याच सुमाराला शकूचं स्थळ आलं.

शकू शिवणाचे क्लास घ्यायची. वयानं माझ्याहून मोठी, बोलायला फटकळ. तिची दोन स्थळं आधी मोडली होती. एकात मुलाच्या मामाला फाटकाशी इतका वेळ उभं राहावं लागलं की तो मागच्या मागं स्टेशनवर निघून गेला. दुसऱ्यात मुलाबद्दल काय वाटतं असं मुलासमोरच विचारल्यावर आबा जे म्हणाले ते सांगायला नको. हे तिसरं स्थळ वडगावचं. वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान, मुलगा देहूरोडला डेपोत फिटर. आणि यात एक गोष्ट निराळी होती. ती शकूनं मला विहिरीपाशी, कळशी भरून झाल्यावरही न उचलता सांगितली.

वडगावला एका लग्नात तिनं त्या मुलाला पाहिलं होतं. तो पंगतीत जिलेबी वाढत होता. सगळ्यांना घ्या, घ्या म्हणून आग्रह करत आला, आणि हिच्या पानाशी आल्यावर एक अक्षर न बोलता टोपली अर्धी रिकामी करून पळाला.

"मला हे हवंय," शकू म्हणाली. "जिलेबी नाही, स्थळ. तुम्ही आबांच्या शेजारी बसा. काही करा, पण त्यांना बोलू देऊ नका. या खेपेला मोडलं तर मी कुणासमोर पोह्यांची बशी घेऊन येणार नाही, लिहून ठेवा."

मावशींचा बेत सोपा होता. पाहुणे आहेत तोवर आबांना स्वयंपाकघरात चुलीपाशी बसवायचं आणि ते देवाला गेलेत म्हणून सांगायचं. मी हे अजिबात मान्य केलं नाही. म्हटलं, मावशी, हजारो लोकांचा जीव ज्यांनी सांभाळला त्यांना चुलीपाशी काय बसवता. मावशींनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. त्यांना वाटलं असावं, चांगलं जेवू घालणारा माणूसही एका अर्थी जीवच सांभाळतो, आणि पोरगं शिकलेलं आहे, तर तसं बोलत असेल. मी खुंटीवरचा काळा कोट झटकून आबांना घातला. त्यांना तो पोटावर बसेना, पण त्यांनी तो तसाच राहू दिला.

पाहुणे दुपारच्या गाडीनं आले. कापडवाले, त्यांची बायको आणि मुलगा. ऊन मी म्हणत होतं. फाटकाशी येताच आबांचा हात वर गेला. कापडवाल्यांचा चेहरा बदलला. मी आधीच तयार होतो. पळत फाटकाशी गेलो आणि त्यांना हळू आवाजात सगळं समजावलं. घाट, सांधा, शिटी, उतरणीची गाडी. त्यांच्या कपाळावरची आठी माझ्या डोळ्यांदेखत उलगडली.

"पॉइंट्समन? घाटात?" ते म्हणाले, आणि टोपी सारखी करून ताठ उभे राहिले. "अहो मग थांबू की. हा तर मान आहे." बायकोला आणि मुलालाही त्यांनी नीट रांगेत उभं केलं. हात खाली आला. ते जवळजवळ सलाम करतच आत आले.

सतरंजीवर बसल्यावर कापडवाल्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. म्हणाले, दुकानाची पायरी चढतानाच मी गिऱ्हाईक ओळखतो. कोण नऊवारी घेणार, कोण नुसतं उलगडून बघणार. "आणि तुम्हाला बघताक्षणीच म्हटलं, हा जबाबदारीचा माणूस. काय हो आबासाहेब, केवढी जोखीम! एक चूक झाली तर?"

मी आबांच्या गुडघ्याला गुडघा लावला, पण त्यांना बोलायचंच होतं. इतक्या आपुलकीनं त्यांना कुणी कामाबद्दल विचारलंच नव्हतं.

"व्हय की," आबा म्हणाले. "येकदा झाली. आमटीत मीठ दोनदा पडलं. पाच ड्रायवर आन् दोन गार्ड, समद्यांनी ताटं परत केली."

कापडवाल्यांनी विचारलं, "मीठ?"

"मी रनिंग रूमला आचारी व्हतो न्हवं का. ड्रायवर लोक डूटीवरनं येत, जेवत, झोपत, त्यांचा सैपाक करायचा. कोट येका गार्डानं दिला. झेंड्या पन. लाल फडक्यानं पातेलं उचलायचो."

कापडवाल्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तक्क्याच्या शिवणीकडं बघत होतो. मला एवढंच सुचत होतं की दोन झेंड्या चुलीपाशी दोरीवर का होत्या, हे मी एकदाही मनाला विचारलं नव्हतं.

"म्हणजे या घरात पाहुण्याला उन्हात उभं करून वर थापा मारतात," कापडवाले म्हणाले. आबांनी विचारलं, कसल्या थापा? त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. कापडवाल्यांनी मांडी बदलली. "ते राहू द्या. मुलीबद्दल तरी खरं सांगा. स्वभावानं कशी आहे?"

शकू तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली. मावशींनी डोळे मिटले. मी आबांचा कोट मागून धरला. आबांच्या कपाळावर आठ्या आल्या, आणि त्या आठ्या मला पाठ होत्या.

"आजून ठरलं न्हाई," ते म्हणाले.

"स्वतःच्या पोरीबद्दल?"

"तेच तर. मी डूटीवरनं यायचो तवा ही निजलेली असायची. आता कुटं चार वर्सं रोज बगतोय. परवा शेजारनीवर अशी खेकसली, मला वाटलं तापट हाय. दुसऱ्या दिशी तिच्याच पोरीला झबलं शिवून दिलं, पैशे न घेता. आता तापट म्हनू का मायाळू? बरं, झबलं बी उसवलं." त्यांनी हात पसरले. "तुमाला घाई असंल तर तुमीच ठरवा बापडे."

कापडवाले उठले. उठता उठता पोहे मात्र त्यांनी घेतले, कारण बशी हातात आली होती. मुलाची मान खाली होती. तो सगळं संपवून रिकामी बशी तशीच धरून बसला. त्याच्या आईनं आल्यापासून एक शब्द काढला नव्हता. मी तिच्याकडं नीट पाहिलंही नाही. सगळं लक्ष बोलणाऱ्यांकडं होतं.

"कळवतो," कापडवाले म्हणाले, आणि त्याचा अर्थ आळीतल्या म्हशीलाही कळला असता.

ते गेल्यावर शकू काही रडली वगैरे नाही. तिनं पोह्यांची पातेली घासायला घेतली आणि बराच वेळ घासत राहिली. आबांशी ती बोलेना, माझ्याशी तर नाहीच. संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन बसलो. कोट त्यांनी अजून काढला नव्हता. मी विचारलं, "आबा, मग तुम्ही माणसांना फाटकाशी थांबवता कशाला?"

हा प्रश्न आळीत पहिल्यांदाच विचारला जात होता.

"रनिंग रूमला दारात कोन आलं तर चुलीवरनं लगीच उठता येत न्हवतं. हात करायचो, थांबा म्हनून. त्येची सवय असंल. पन सवय म्हनावी तर मांजरीला कुटं करतो? मंग दुसरं काय तरी असंल. मला बी नक्की न्हाई सांगता यायचं, कालेज."

मग त्यांनी हळूच विचारलं, पोरीला ते स्थळ लय मनात व्हतं का? मी होय म्हणालो. ते म्हणाले, "मला कुनी सांगितलं न्हाई." आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना बोलू द्यायचं नाही एवढंच ठरवलं होतं; त्यांना काही सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुढं परीक्षा आली. सुटीत वाडीवर गेलो, भाताची पेरणी केली, आणि पुढच्या वर्षी पुण्यातच वसतिगृहात जागा मिळाली. लोणावळ्याला उतरत होतो, पण बाजारामागच्या आळीत पाऊल वळत नव्हतं. शकूला कोणत्या तोंडानं भेटायचं, हा एक विचार. दुसरा असा की आबांबद्दल पुन्हा माझ्या मनात एक सिद्धांत तयार होत होता, आणि तो घेऊन त्यांच्यासमोर जायची मला लाज वाटत होती.

थंडीच्या दिवसांत एकदा लोणावळ्याहून पुण्याकडं येत होतो. शटल कामशेतला थांबली होती. खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. मावशी होत्या. मांडीवर मोठा डबा, त्याला चौपदरी फडकं.

"मेल्या, लग्नाला का आला न्हाईस? औंढ्याला सांगावा धाडला व्हता."

मी विचारलं, कुणाच्या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू तर्कशास्त्रात मी पास झालो यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. वैशाखातच झालं म्हणाल्या. त्याच मुलाशी. शकू देहूरोडला असते. तिला दिवस गेलेत, आबांनी डिंकाचे लाडू केलेत, ते घेऊन त्या चालल्या होत्या. आबा मागच्या डब्यात होते, कारण पुढचा डबा बरा का मागचा, हे त्यांचं ठरेपर्यंत गाडी सुटायला आली होती.

मी म्हणालो की कापडवाल्यांनी तर नकारच दिला होता.

"त्येंनी दिलाच व्हता. घरी जाऊन लय तणतणले. पोरगं खालमुंडी घालून बसलं. मंग इहीनबाई बोलल्या. शकूला त्येंनी सोता सांगितलं हे, येकदा कपडे वाळत घालताना." मावशींनी आवाज खाली आणला, जणू विहीणबाई पलीकडच्या बाकावर होत्या. "त्या नवऱ्याला म्हनल्या, माज्या बापानं तुमाला माजं काय काय सांगितलं व्हतं. शांत हाय, कामाला वाघ हाय, कंदी उलटून बोलायची न्हाई. आता चहा जरा गार झाला, का मला जरा डोळा लागला, की तुमी म्हनता, तुजा बाप तर असं म्हनाला व्हता. सारा जलम मी बापाचं बोलनं खरं करन्यात घालवला. ह्या पोरीच्या बापानं येक बी गोष्ट कबूल केली न्हाई. हिला निवांत नांदता यील. हीच सून आना."

मी विचारलं, त्यावर कापडवाले काय म्हणाले?

"काय म्हनत्यात," मावशी डबा सावरत म्हणाल्या. देहूरोड आलं होतं. "इतक्या वर्सांत बायको पैल्यांदा उलटून बोलली. टोपी घालायची इसरून तसंच भटजीकडं गेले तिथी काढायला."